नऊचा फेरा

बरोबरचं बटणच नाही, असा कॅल्क्युलेटर तुम्ही पाह्यला काय? आमच्या घरी आहे. बेरीज करायची तर आधी एक आकडा, मग एक लांबट बटण, मग दुसरा आकडा, अन् अधिकचं चिन्ह सगळ्यात शेवटी. लग्न होऊन आली तेव्हा किराण्याच्या हिशोबासाठी मी तो हातात घेतला होता. थोडा वेळ झटापट केली, ठेवून दिला अन् बोटांवर मोजलं. सदर बाजारातल्या एका सराफानं एकदा यांच्या हातून घेऊन बटणं ठोकली अन् म्हणे, "भैया, ये तो खराब है." हे इतके खूश झाले, इतके खूश झाले की विचारू नका. कोणी मागून नेत नाही, हाच म्हणे त्याचा मोठा गुण.

हे म्हणजे गंगाधर पिंपळखुटे, सिंचन खात्यातले इंजिनियर. मी त्यांची बायको इंदू. सासरे आर्वीकडून रेल्वेत लागून रायपूरले आले, पुरानी बस्तीत दोन खोल्या खाली अन् दोन वर असं घर घेतलं, अन् इथलेच झाले. हे इथंच शिकले, इथंच नोकरीले लागले. मशीन तेवढं अमेरिकेचं. नोकरी लागली म्हणून तिकडच्या चुलतभावानं पाठवलेलं. हे त्याले मशीनच म्हणतात, कॅल्क्युलेटर म्हटलं तर राग येते. त्याच्यात आकडे लाल उमटतात, अंधारात पाह्यलं तर निखाऱ्यासारखे. मागच्या बाजूले यांनी खिळ्यानं स्वतःचं नाव कोरलं आहे.

अभनपूरकडच्या कालव्यांवर हे दिवस दिवस उन्हात उभे राहात, अन् शर्टाच्या खिशात ते मशीन. वजनानं खिसा फाटायचा, मी शिवायची. पुढं गल्लोगल्ली स्वस्त कॅल्क्युलेटर आले, कॉम्प्युटर आले, मोबाइल आला. ऑफिसातल्या नव्या पोरांनी हसून घेतलं. यांचं एकच म्हणणं, "इंदू, याचं बटण दाबलं ना, की बोटाले कळते दाबलं म्हणून. बाकीच्यांचं काही कळतच नाही." माझ्या कोण्या भाजीबद्दल उभ्या जन्मात एवढं बोलले असतील तर शपथ.

यांच्यासारखे वेडे खात्यात आणखीही होते. त्यातले पहिल्या नंबरचे नरहरी गोतमारे, यांचे जोडीदार. त्यांचंही असंच जुनं मशीन, पण दुसऱ्या जातीचं, बरोबरचं बटण असलेलं. हे लोक चहाले बसले की त्यांचा एक खेळ चालायचा. त्याले ते नऊचा फेरा म्हणत. मशीनवर नऊ लिहायचे. मग साइन, कॉस, टॅन अशी बटणं एकामागं एक दाबायची, अन् मग त्याच वाटेनं उलटं परत यायचं. हिशोबानं पुन्हा नऊच यायले पाहिजेत. पण जुनं मशीन वाटेत बारीकसं चुकते, अन् प्रत्येक जातीचं मशीन आपल्याच रीतीनं चुकते. यांच्या मशीनचं उत्तर नऊ पॉइंट, दोन शून्य, मग चार, अन् पुढं आणखी शेपूट. नरहरीभाऊंचं वेगळं. प्रत्येकाचा आकडा प्रत्येकाले पाठ. टेबलावर मशिनी इकडच्या तिकडं झाल्या तर फेरा करून ओळखायचे, कोणाचं कोणतं. चहा गार होऊन राहिला अन् पोराबाळांचे बाप एकमेकांच्या चुका पाहून टाळ्या देऊन राहिले! मी पोह्यांच्या बशा ठेवायची अन् कपाळाले हात लावून आत यायची.

मग भोपाळपासून आमचं राज्य वेगळं झालं, रायपूर राजधानी झाली. फटाके फुटले, आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, मिठाई वाटली. आमच्या घरात मात्र त्या दिवसापासून थकवा शिरला तो निघालाच नाही. अर्धं खातं भोपाळले राहिलं, अर्धं इकडं आलं. नरहरीभाऊंचं नाव भोपाळच्या वाट्याले गेलं, अन् यांचा चहा एकट्याचा झाला. मंत्रालय जुन्या दवाखान्याच्या इमारतीत भरायचं, फायलींचे गठ्ठे जिन्यापर्यंत आलेले, अन् प्रत्येक नव्या साहेबाले प्रत्येक कालव्याची माहिती उद्याच पाहिजे. हे घरी येत ते जोडे काढता काढता झोपून जात. रिटायर झाले त्या दिवशी सत्काराचा हार गळ्यातच ठेवून खाटेवर पडले अन् म्हणे, "आता मले कोणी उठवू नका."

पण आराम काय असा मागून मिळते? काही वर्षं गेली अन् एका सकाळी लकव्यानं यांची उजवी बाजू गेली. दवाखान्यात किती दिवस काढले, ते आता आठवू सुद्धा वाटत नाही. बोलणं परत आलं, पाय अर्धामुर्धा आला, हात राहिला तो राहिलाच. डॉक्टर म्हणाले, डोकं एकदम शाबूत आहे, चिंता नका करू.

आता आमचं घर कसं, तर स्वयंपाक अन् झोपणं वर, न्हाणी-संडास खाली. खालच्या खोल्यांत जुना भाडेकरू, शिंपी. तो काही निघत नाही अन् हे त्याले निघ म्हणत नाहीत. जिना असा उभा की धडधाकट माणूसही भिंत धरून उतरते. रोज सकाळी यांचा सगळा भार माझ्या खांद्यावर, अन् दोघांचा मिळून माझ्या गुडघ्यांवर. सत्तरीकडं चाललेली बाई मी, हमाल नाही. खाली उतरवून न्हाणीच्या दारात यांले उभं केलं की मी शिंप्याच्या स्टुलावर बसून घ्यायची, अन् तो बिचारा शिलाई मशीन थांबवून दुसरीकडं पाहायचा.

आमचा राजस, एकुलता एक, नव्या रायपुरात फ्लॅट घेऊन राहते. तोही इंजिनियर, कॉम्प्युटरचा. तो केव्हापासून मागं लागला होता, इकडं या म्हणून. लिफ्ट आहे, खोलीले लागूनच बाथरूम आहे. माझं मन तर कधीच तिथं जाऊन बसलं होतं. खोटं काहून बोलू? पण यांचं उत्तर ठरलेलं, "डोकं जागेवर आहे तोवर मी पुरानी बस्ती सोडत नाही. ज्या दिवशी डोकं गेलं, त्या दिवशी उचलून न्या." यावर कोणी काय बोलावं?

दवाखान्यातून घरी आले तेव्हा यांनी पाणीसुद्धा मागितलं नाही, आधी मशीन मागितलं. राजसनं कपाटातून काढून दिलं. खिडकीपाशी बसून डाव्या हाताच्या बोटानं एकेक बटण दाबत यांनी नऊचा फेरा केला. मी बाजूले तांदूळ निवडून राहिली होती. पाह्यलं तर हे पुन्हा करून राहिले. मग आणखी एकदा. तोंड असं उतरलं की मी ताट खाली ठेवलं. म्हटलं, "काय झालं?" "काही नाही." दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. मग यांनी मशीन कपाटात ठेवलं अन् कपाट लावून घेतलं.

त्यानंतर माणूस हळूहळू विझत गेला. पेपर वाचणं सोडलं. आज वार कोणता, हे मले विचारायचे, अन् मी सांगितलं की मान हलवायचे, म्हणजे वार त्यांले माहीत होता पण स्वतःवर भरवसा नव्हता. मी डॉक्टरांले फोन केला. ते म्हणाले, "आजी, सगळं ठीक आहे, थोडी उदासी असते." उदासी! एक दिवस जेवता जेवता हे म्हणाले, "राजसले सांग, येतो म्हणून."

"कुठं?"

"त्याच्याकडं. डोकं गेलं माझं."

"काही तरीच काय! कशावरून गेलं?"

"मले माहीत आहे," एवढंच बोलले अन् भात कालवत बसले.

मी आणखी खोदून विचारलं नाही. मनातल्या मनात म्हटलं, देव पावला. राजसनं दिवस ठरवला, मी खोकी बांधायले घेतली. कढया बांधताना मी चक्क गुणगुणत होती.

त्याच आठवड्यात नरहरीभाऊ पुतणीच्या लग्नासाठी भोपाळहून आले. यांले भेटायले आले तर यांनी कपाट उघडायले लावलं अन् मशीन त्यांच्या हातात ठेवलं. म्हणे, "तू घेऊन जा. माझ्या कामाचं नाही राह्यलं."

"अरे, जीव आहे हा तुझा," नरहरीभाऊ म्हणाले. यांनी तोंड खिडकीकडं वळवलं. नरहरीभाऊंनी माझ्याकडं पाह्यलं, मी नजर चुकवली, अन् ते मशीन खिशात टाकून डोळे पुसत जिना उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा फोन. "वहिनी, गंगाधर जवळ आहे काय? असेल तर जरा दूर व्हा." मी जिन्यात आली. ते म्हणाले, "या डब्यात गंगाधरचं मशीन नाही."

"नाही कसं? नाव कोरलेलं आहे ना मागं."

"डबा त्याचाच आहे वहिनी, आत दुसरंच कोणी बसलं आहे. मी फेरा केला. तीन शून्य येऊन राहिले. त्याचे दोन होते. साऱ्या खात्याले माहीत होतं, गंगाधरचे दोन शून्य."

मी तिथंच पायरीवर बसली. खिडकीपाशी बसून पुन्हा पुन्हा बटणं दाबणारे हे माझ्या डोळ्यांपुढं आले. दवाखान्यातून आल्यावर या माणसानं डॉक्टरचं ऐकलं नव्हतं, माझं ऐकलं नव्हतं, स्वतःच्या मशीनले विचारलं होतं, की माझं डोकं शाबूत आहे काय. अन् मशीननं नाही म्हणून सांगितलं होतं. एक शून्य जास्त आला तर यांनी मशीनवर शंका नाही घेतली, स्वतःवर घेतली. असा वेडेपणा इंजिनियरच करू जाणे.

मी राजसले फोन लावला. लहानपणापासून त्याले मराठीत विचारलं की तो हिंदीत उत्तर देते. म्हटलं, "मशीनचं काय केलं तू?" आधी "कौन सी मशीन" झालं. मग एकदम रडवेला होऊन म्हणाला, "आई, बाबा हॉस्पिटल में थे तब मैंने सोचा, घर आएँगे तो चालू मिलनी चाहिए. बॅटरी निकली हुई थी, सीधा चार्जर लगा दिया. अंदर से जल गई."

कपाळ माझं! बाप साऱ्या जगाले सांगत फिरायचा, की बॅटरी काढली असेल तर याले चार्जर लावू नका, आतलं जळते. कालव्यावरच्या चौकीदारालेही पाठ असेल. पोटच्या पोराले नाही! बंगळुरूले कोणी एक माणूस आहे म्हणे, जुन्या डब्यांत नवे भाग बसवून देते. राजसनं त्याच्याकडून ते करून आणलं अन् गुपचूप कपाटात ठेवलं.

"अन् बाबा घरी आल्यावर काहून नाही सांगितलं?"

"डर गया आई. और अब मत बताओ ना. बाबा खुद मान गए हैं आने के लिए. तुम अपने घुटने देखो."

पोरगं खोटं नव्हतं बोलत. घुटने माझे होतेच. मी फोन ठेवला अन् कोणाले काही न बोलता कणीक मळायले बसली. मनात म्हटलं, आणखी थोडेच दिवस. तिथं गेल्यावर सांगू. सांगितलं तर हे जाणार नाहीत, हे मले पक्कं माहीत होतं. मी पण माणूसच आहे ना? मले पण एक दिवस जिना न उतरता तोंड धुवायचं होतं.

संध्याकाळी यांले खाली न्यायचं होतं. माझ्या खांद्यावर हात ठेवून हे जिन्याच्या तोंडाशी आले अन् थांबले. म्हणे, "थांब थोडी. आधी कोणता पाय टाकायचा, ते मले आठवू दे."

अवो, पाय चांगला ठाऊक होता यांले! पायाले सवय होती. पण ज्यानं एवढ्या मोठ्या कालव्यांचे उतार काढले, तो माणूस आपल्याच घराच्या जिन्यावर उभा राहून स्वतःची परवानगी मागून राहिला होता. म्हटलं, जाऊ दे चुलीत ती लिफ्ट. "डावा टाका," म्हटलं, अन् खाली पोचल्यावर शिंप्याच्या स्टुलावर बसून नरहरीभाऊंले फोन केला, की उद्या सकाळी या अन् यांचं अन् तुमचं, दोन्ही मशिनी घेऊन या. त्यांचं तर नेहमी सोबतच असायचं.

ते आले. मी चहासुद्धा ठेवला नाही, सरळ सांगून टाकलं. चार्जर, जळणं, बंगळुरू, सगळं. यांनी शांतपणे ऐकून घेतलं अन् म्हणाले, "तुम्ही दोघं माझी खोटी समजूत घालून राहिले. लहान पोराले समजावते तसं."

"नाही हो!"

"राहू दे इंदू. मले वाईट नाही वाटलं."

मले आता रागच आला. मी काही बोलणार, तर नरहरीभाऊंनी हात वर केला. म्हणाले, "ठीक आहे गंगाधर. तुझ्या मशीनचं सोड. माझ्या मशीनचा आकडा काय होता?"

"कायले?"

"सांग म्हणतो ना."

यांनी डोळे मिटले. ओठ हलत होते. मी पदर मुठीत धरला होता. "आठ पॉइंट," हे म्हणाले, "मग पाच वेळा नऊ. मग आठ, सहा, चार, दोन."

नरहरीभाऊंनी स्वतःचं मशीन काढून माझ्या हातात दिलं. "वहिनी, तुम्ही दाबा. मी दाबलं तर म्हणेल, काही तरी केलं असेल." ज्या जातीच्या वस्तूले मी उभ्या जन्मात दुरून नमस्कार केला, ती माझ्या हातात. ते बोटानं दाखवत गेले, मी दाबत गेली. नऊ. साइन. कॉस. टॅन. मग उलटं. शेवटी आकडे उमटले अन् मी चष्मा सारखा करून वाचायले लागली. "आठ. टिंब. नऊ, नऊ, नऊ, नऊ, नऊ." मी बोट ठेवून पुढं वाचलं. "आठ. सहा. चार. दोन."

यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं अन् मशीन स्वतःकडं वळवून पाह्यलं. मग म्हणाले, "म्हणजे माझे दोनच शून्य होते."

"दोनच होते रे बाबा," नरहरीभाऊ म्हणाले अन् रडायलेच लागले.

"इंदू, मी बरोबर होतो."

"होते," म्हटलं. "बरोबरच होते." आम्ही तिघंही रडलो. लाज कायची त्यात?

डोळे पुसून झाले अन् हे खुर्चीत ताठ बसले. किती दिवसांनी ताठ बसले! म्हणाले, "मग राजसले सांग, येत नाही म्हणून."

मले माहीत होतं हेच येणार. दाराशी बांधून ठेवलेली खोकी मले दिसत होती. हे माझ्याकडं पाहून राहिले होते. एकाएकी म्हणाले, "तुले वाईट वाटलं काय?" असं यांनी मले कधी विचारलं नव्हतं.

"वाटलं," म्हटलं. "लय वाटलं. मले जायचं होतं तिथं. अजूनही जायचं आहे. पण तुमचं डोकं गेलं म्हणून नाही जायचं मले."

मी चहा ठेवायले आत गेली. राजसले फोन केला तर तो म्हणे, "आई, तुम भी ना!" मी फोन कापला.

दुसऱ्या सकाळी यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला अन् आम्ही जिन्याच्या तोंडाशी आलो. कोणता पाय, ते विचारलं नाही, टाकला सरळ. अन् बोलणं सुरू. इतके महिने मुक्यानं उतरणारा माणूस पहिल्या पायरीपासून राजसच्या नावानं सुरू झाला. बॅटरी काढून चार्जर लावते काय कोणी? कॉलेजात काय शिकवते यांले? मग म्हणे, नवं मशीन वाईट नाही तसं, जुन्यापेक्षा कमीच चुकते, पण त्याचा आकडा आता पाठ करावा लागेल. मग पुन्हा राजस. सगळा भार माझ्यावर, माझे गुडघे करकर करून राहिले, घामानं पाठ भिजली.

"पायरी पाहा आधी," मी म्हटलं.

"पाहून राहिलो ना," हे म्हणाले, अन् पुन्हा चार्जरवर आले. मी भिंत धरली, पाय घट्ट रोवला, अन् बोलू दिलं.